फॅलेनॉप्सिस खरंच मरतंय का? ओळखायचं कसं, वाचवायचं कधी आणि नवं आणायचं केव्हा

जुलै महिन्यात आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत एकाच आठवड्यात फॅलेनॉप्सिस जातीची दोन ऑर्किडं माझ्या हातात आली. एक खाली कचऱ्याच्या डब्याशेजारी कुंडीसकट ठेवलेलं होतं. फुलं गळलेली, दांडा वाळून काडी झालेला, पण चार पानं चामड्यासारखी घट्ट आणि पारदर्शक कुंडीच्या कडेनं चंदेरी मुळं दिसत होती. दुसरं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं. त्याच्या दांड्यावर अजून दोन जांभळी फुलं डुलत होती. टाकून दिलेलं झाड आज माझ्या खिडकीत आहे. फुलं असलेलं आठ दिवसांत गेलं.

पहिल्यांदा ऑर्किड आणणारे जवळजवळ सगळेच फुलांवरून तब्येत ठरवतात, आणि तिथेच चुकतं. या झाडाची तब्येत दोन ठिकाणी कळते : पानं जिथून फुटतात तो मधला गाभा, आणि मुळं. ही दोन ठिकाणं वाचता आली की झाड ठेवायचं की बदलायचं हे ठरवता येतं. आणि बदलायचं ठरलं, तरी जुनं कशानं गेलं हे कळल्याशिवाय नवं आणू नका. तीच खिडकी, तीच कुंडी, पाणी घालायची तीच सवय, म्हणजे दुसरं झाडही त्याच वाटेनं जाणार.

हे झाड मुळात जगतं कसं

आग्नेय आशियातल्या ओल्या जंगलांत फॅलेनॉप्सिस झाडांच्या फांद्यांना धरून वाढतं. जमिनीशी त्याचा संबंध नाही. सह्याद्रीत पावसाच्या तोंडाला फांद्यांवरून लोंबणारी सीतेची वेणी तुम्ही पाहिली असेल. ती आमरीही, म्हणजे आपल्याकडचं ऑर्किडही, अशीच जगते. मुळं उघडी, पाऊस पडला की भिजतात, वारा आला की सुकतात. मुळांवर स्पंजासारखं जाड आवरण असतं. ते कोरडं असताना चंदेरी-पांढरं दिसतं आणि भिजलं की हिरवं होतं. हा रंगबदल लक्षात ठेवा, पाणी कधी घालायचं हे पुढे त्यावरूनच कळणार आहे.

१८२५ साली ब्लूमे या वनस्पतिशास्त्रज्ञानं ऑर्किडांच्या या गटाला फॅलेनॉप्सिस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘पतंगासारखं दिसणारं’, म्हणजे रात्री दिव्याभोवती फिरणारा तो पतंग. नर्सरीत काही जण ‘मॉथ ऑर्किड’ म्हणतात, काही नुसतं ‘फॅलेनो’.

ज्या झाडाची मुळं हवेत राहायला घडली आहेत, ती चार-चार दिवस ओल्या गोळ्यात कोंडली की गुदमरतात आणि कुजतात. आपल्याकडे मरणाऱ्या ऑर्किडांत बहुतेकांची गोष्ट एवढीच असते. तहानेनं गेलेलं फॅलेनॉप्सिस मी फार कमी पाहिलंय.

आधी खात्री करा : हे आजारपण आहे की नेहमीचं चक्र?

फुलं दोन-तीन महिने टिकतात आणि मग एकेक करून गळतात. दांडा टोकाकडून वाळत येतो. हे मरण नव्हे. तसंच सगळ्यात खालचं एकच पान हळूहळू पिवळं पडून गळत असेल तर तेही नेहमीचं. झाड जुनं पान सोडून वरून नवं काढतं. तुमच्या झाडाचं एवढंच होत असेल तर कुंडी आहे तिथे राहू द्या.

कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळल्या तर झाडाला धक्का बसलाय असं समजा. नर्सरीतून घरी आणताना झालेला बदल, एसीचा थेट झोत, कोरडा वारा, अशी कारणं असतात. एक कारण मात्र आपल्या घरात मे महिन्यात हमखास असतं आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्या-फुलांना तो अजिबात सोसत नाही. ज्या खोलीत आंब्याची अढी घातली असेल तिथे फुललेलं ऑर्किड ठेवू नका. पिकलेल्या केळ्यांचा घड शेजारी असेल तरी तेच. अशा वेळी फुलं जातात, झाड जात नाही.

काळजीची लक्षणं वेगळी आहेत : एकापेक्षा जास्त पानं एकदम लोळागोळा होणं, वरचं किंवा मधलं पान आधी पिवळं पडणं, पानाच्या बुडाशी काळपटपणा, कुंडीला कुबट वास, झाड बोटानं हलवलं तर डगमगणं. यातलं एकही दिसलं तर पुढची तपासणी त्याच दिवशी करा.

तपासणी : गाभा, मग मुळं

गाभ्यापासून सुरुवात करा. सगळ्यात वरची दोन पानं जिथे मिळतात तिथे टॉर्च मारून बघा. जागा हिरवी, कोरडी आणि बोटाला टणक लागली तर गाभा जिवंत आहे. तिथे तपकिरी किंवा काळं पाणी, मऊपणा, कुजका वास असेल, किंवा मधलं पान अलगद ओढल्याबरोबर हातात आलं, तर गाभा कुजलाय. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं. ते गेलं की त्या खोडावर नवं पान येत नाही. क्वचित बुडातून बाजूचा कोंब फुटतो, पण त्यासाठी खोड आणि मुळं शाबूत असावी लागतात आणि वाट पाहायची तयारी लागते.

मुळांसाठी झाड कुंडीतून बाहेर काढावंच लागतं. याची भीती बाळगू नका. काकू अशाच घाबरल्या होत्या.

“अगं, पानं सुकली म्हणून रोज पाणी घालतेय, तरी अजून सुकतायत.”

“काकू, एकदा बाहेर काढून बघूया का?”

“मरेल ना ग!”

कुंडी आडवी करून बाजूंनी दाबली, झाड सरकन बाहेर आलं. वरून बार्कचे, म्हणजे झाडाच्या सालीचे, तुकडे कोरडे ठणठणीत होते. पण मुळांच्या अगदी मधोमध, पेरूएवढा स्फॅग्नम मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, गोळा होता, रोप लहान असताना नर्सरीत लावलेला, चिखलासारखा ओला. त्यातली सगळी मुळं तपकिरी होऊन चिघळली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि आत नुसता दोरा उरला.

फसगत होते ती इथेच. मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पानं तहानलेल्या झाडासारखीच सुरकुततात. पाणी कमी पडलं तरी सुरकुत्या, जास्त झालं तरी सुरकुत्या. पानं बघून आणखी पाणी घातलं जातं आणि उरलेली दोन मुळंही जातात. म्हणून सुरकुतलेलं पान दिसलं की तांब्या उचलण्याआधी मुळं बघा.

मुळांची परीक्षा बोटानं करा, रंगानं नव्हे. बार्कच्या डागानं निरोगी मूळही पिवळट-तपकिरी दिसतं. दाबल्यावर टणक लागलं तर चांगलं. पिचकलं आणि पाणी सुटलं तर कुजलेलं. कागदासारखं पोकळ आणि कोरडं लागलं तर वाळून मेलेलं. टोकाला हिरवा किंवा लालसर चकचकीत ठिपका असेल तर ते मूळ वाढतंय.

पानांवरच्या डागांकडेही नजर टाका. पिवळसर-पांढरा, कोरडा, न वाढणारा डाग म्हणजे उन्हाचा चटका. दिसायला वाईट, पण जिवावरचा नाही. पाणथळ, तेलकट दिसणारा आणि रोज वाढणारा डाग मात्र जिवाणूंचा असतो. दमट हवेत तो दोन-तीन दिवसांत पान खातो, म्हणून असं झाड लगेच इतरांपासून दूर न्या. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीनं ते पुसा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा.

आता ठरवा

गाभा टणक आणि तीन-चार तरी मुळं चांगली : झाड वाचतं, बदलण्याचा विचारही करू नका.

गाभा टणक, पण मूळ एकही नाही, पानं दोन-तीन : वाचू शकतं, पण चार-सहा महिने लागतात. नवखा असाल तर हे झाड शिकण्यासाठी ठेवा, फुलांच्या आशेनं नको. घरात फूल हवं असेल तर शेजारी दुसरं निरोगी झाड आणा, यात काही कमीपणा नाही.

गाभा काळा आणि मऊ, किंवा खोड कापल्यावर आतून वरपर्यंत तपकिरी : झाड गेलं. जिवाणूंचा डाग गाभ्यापर्यंत पोहोचला असेल तरीही गेलं. अशा झाडाला आठवडे-आठवडे औषधं मारत बसू नका, बाकीच्या झाडांना धोका वाढतो.

वाचणार असेल तर

कात्री स्पिरिटनं पुसा किंवा गॅसवर तापवून थंड करा. मुळांभोवतीचा सगळा जुना मॉस-बार्क वाहत्या पाण्याखाली काढून टाका. मधला गोळा शेवटच्या तंतूपर्यंत निघाला पाहिजे. कुजलेली मुळं टणक भागापर्यंत कापा. दांड्यावर फुलं असली तरी दांडा बुडाशी कापा. इथे अनेकांचा हात थांबतो, मला समजतं, पण मुळं नसलेलं झाड फुलं पोसताना पानांतलं उरलंसुरलं पाणी संपवतं. फुलं ग्लासात ठेवा, बरेच दिवस टिकतात.

खोडावर कापल्याची जखम असेल तर तिथे दालचिनीची पूड लावा, मात्र ती मुळांना लागू देऊ नका, त्यांना ती सुकवते. मग झाड रात्रभर सावलीत, हवेवर उघडं ठेवा म्हणजे काप सुकतील.

कुंडी मुळांच्या पसाऱ्याला जेमतेम पुरेल एवढीच घ्या. मोठी कुंडी ओल धरून ठेवते. तळाला आणि बाजूंना भोकं असलेली पारदर्शक प्लॅस्टिकची सगळ्यात उत्तम. भरायला पाइन बार्क आणि लाकडी कोळशाचे तुकडे. बार्क मिळाला नाही तर नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे चालतात, पण त्यांत क्षार असतात, म्हणून दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून धुऊन घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको, लाल माती तर मुळीच नको. झाड असं बसवा की पानांचं बूड भरावाच्या वर राहील. डगमगत असेल तर काडी रोवून बांधा, कारण हलणाऱ्या झाडाची नवी टोकं घासून मरतात.

मूळ एकही नसलेल्या झाडाला पाण्यात बुडवून फायदा नाही. भिजवून घट्ट पिळलेला मूठभर मॉस पारदर्शक डब्याच्या तळाशी ठेवा आणि त्याच्या वर, न टेकता, झाड बसवा. झाकण अर्धवट लावून डबा उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवा. रोज थोडा वेळ उघडून वारा द्या. बुडाशी हिरवं बोंड दिसलं की ते मूळ. ते दोन इंच होईपर्यंत खत नाही.

गेलं असेल तर : आधी कारण शोधा

टाकण्याआधी पाच मिनिटं द्या. कूज कुठून सुरू झाली ते बघा. वर गाभ्यातून सुरू झाली असेल आणि मुळं चांगली असतील, तर पाणी पानांच्या मध्ये साचत होतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ग्रिलमध्ये ठेवलेल्या झाडांवर वाऱ्याबरोबर पावसाचे शिंतोडे येतात, गाभ्यात थेंब बसतो आणि हवा इतकी दमट असते की तो सुकतच नाही. जंगलात हे झाड फांदीवर तिरकं लोंबतं, त्यामुळे पाणी निथळून जातं. कुंडीत आपण त्याला सरळ उभं करतो. जून ते सप्टेंबर कुंडी आत घ्या, किंवा निदान थोडी कलती ठेवा.

कूज मुळांपासून सुरू झाली असेल तर गोळा, माती, मोठी कुंडी किंवा बाहेरचं सिरॅमिकचं भांडं यातलं काहीतरी सापडेल. भेट म्हणून येणारी ऑर्किडं हमखास भोक नसलेल्या सुंदर भांड्यात असतात आणि तळाशी पाणी उभं असतं. भांडं ठेवायचंच असेल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासानं ते ओतून टाका.

पानं आधी भाजली आणि मग सगळं झाड वाळलं असेल तर खिडकी पश्चिमेची असणार. एप्रिल-मेचं दुपारचं ऊन काचेमागून आलं तरी पान तापून भाजतं.

मेलेलं झाड पिशवीत बांधून टाका, घरच्या कंपोस्टमध्ये नको. जुना भरावही तसाच टाका. कुंडी वापरायची असेल तर घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा.

नवं झाड केव्हा आणि कसं निवडावं

जागा रिकामी बघवत नाही हे खरं, पण पावसाळ्यात नवं फॅलेनॉप्सिस आणू नका. नियंत्रित हवेच्या पॉलिहाऊसमध्ये वाढलेलं रोप ठाण्याच्या किंवा नेरुळ-बेलापूरच्या जुलैमध्ये एकदम आणलं तर नवख्या हातात टिकणं अवघड. मे महिनाही टाळा. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. हवा कोरडी होते, रात्री गार होतात आणि झाडाला उन्हाळ्याआधी सवय व्हायला काही महिने मिळतात.

घरात एकही सौम्य उजेडाची खिडकी नसेल आणि गॅलरीत चार-पाच तास ऊन असेल, तर फॅलेनॉप्सिसचा हट्ट सोडून डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड घ्या. आपल्या उष्ण, दमट हवेत ते जास्त उजेड आणि जास्त उष्णता सोसतं.

नर्सरीत घाईनं सगळ्यात फुललेलं झाड उचलू नका. मी हा क्रम पाळते : आधी कुंडीच्या भिंतीतून मुळं बघायची, ती टणक आणि चंदेरी-हिरवी हवीत. मग गाभा. मग पानांच्या खालची बाजू आणि बगला, कीड आहे का ते पाहायला. झाड हलकेच हलवून बघायचं, घट्ट हवं. शेवटी फुलं : थोडी उमललेली आणि बाकी कळ्या असलेला दांडा घ्यावा, म्हणजे घरी जास्त दिवस फुलं मिळतात. अपारदर्शक कुंडी असेल तर विक्रेत्याला झाड बाहेर काढून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता दाखवतो.

घरी आणताना दांड्याभोवती वर्तमानपत्राची सुरळी करा. रिक्षातल्या वाऱ्यानं कळ्या झडतात.

पहिला महिना

नवं झाड पहिले दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून वेगळं ठेवा. खत देऊ नका, जागा रोज बदलू नका. बार्कमध्ये बोट घालून मधे ओला गोळा आहे का ते चाचपा. एरवी कुंडी बदलायला फुलं संपेपर्यंत थांबतात. हिवाळ्यात मीही थांबते, पण पाणी फार जपून घालते. गोळा आठवडाभरानंतरही ओलाच राहत असेल तर फुलांची पर्वा न करता काढून टाका.

पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेची असेल तर पांढरा पडदा किंवा शेडनेट लावा. भरदुपारी पानाच्या वर हात धरा : कडा पुसट असलेली सावली पडली तर उजेड बरोबर, ठसठशीत पडली तर जास्त, पडलीच नाही तर कमी.

पाण्याला वार ठरवू नका. कुंडीतली मुळं चंदेरी झाली आणि कुंडी उचलून हलकी लागली की सकाळी दहा मिनिटं बादलीत भरावापर्यंत बुडवा आणि पूर्ण निथळू द्या. माझ्याकडे मे महिन्यात हे चार-पाच दिवसांनी येतं, डिसेंबरात आठवड्यानं, जुलैत कधी कधी बारा दिवसांनी. गाभ्यात थेंब राहिला तर टिश्यूच्या टोकानं टिपा. नळाचं पाणी चालतं. सोसायटीत टँकरचं बोअरवेलचं पाणी येत असेल तर क्षारांचा पांढरा थर जमतो. तेव्हा पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी वापरा. पावसाळ्यात खोलीतला पंखा सावकाश चालू ठेवणं कुठल्याही बुरशीनाशकापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

नवी मुळं किंवा नवं पान दिसलं की १९-१९-१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं), लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. कोरड्या मुळांवर खत घालू नका. आधी साधं पाणी, मग खताचं.

पुढचा दांडा यायला काही आठवडे थोडी गार हवा लागते, दिवसा साधारण २५ अंशांच्या आसपास आणि रात्री त्याहून कमी. डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेवा. मग पानाच्या बगलेतून काहीतरी डोकावेल. टोक गोल आणि गुळगुळीत असेल तर मूळ. चपटं, एका बाजूला खाच असलेलं आणि वर वळणारं असेल तर दांडा. दांडा दिसला की कुंडीच्या खिडकीकडच्या बाजूला मार्करनं खूण करा आणि पाणी घालून परत ठेवताना तीच बाजू खिडकीकडे ठेवा. दांडा उजेडाच्या दिशेनं वाढतो. कुंडी सारखी फिरवली तर तो वाकडातिकडा होतो आणि फुलं एका ओळीत येत नाहीत.